अपेक्षा आधी सांगा, मग मोजा : विभागप्रमुख आणि मार्गदर्शकांना खुले पत्र

सन्माननीय विभागप्रमुख आणि सर्व मार्गदर्शक शिक्षक यांस,

स.न.वि.वि.

मी पीएच.डी.च्या शेवटच्या टप्प्यात आहे. ज्येष्ठ विद्यार्थिनी म्हटल्यावर नव्या तुकडीचे प्रश्न आपोआप माझ्या टेबलावर येतात. सरांना ई-मेल पाठवून आठवडा झाला, परत पाठवू का? सेमिनारमध्ये काहीच बोललं नाही तर चालतं का? रविवारी लॅबमध्ये यावंच लागतं का? खरं तर यांची उत्तरं तुमच्याकडे आहेत, आणि तुमच्यापैकी प्रत्येकाचं उत्तर वेगळं आहे. पण प्रश्न तुमच्यापर्यंत पोचतच नाहीत. म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहिते आहे.

पदव्युत्तर शिक्षण अवघड असतं याबद्दल माझी तक्रार नाही. अवघड कामाची हौस नसती तर आम्ही इथे आलोच नसतो. म्हणणं एवढंच की आमच्याकडून नेमकं काय हवं आहे ते कोणी सांगत नाही. नियमपुस्तिका मिळते, पण तिच्यात श्रेयांक, शुल्क, हजेरी आणि प्रबंधाच्या पानाला समास किती सोडायचा एवढंच असतं. ज्या गोष्टींवर विद्यार्थी टिकतो किंवा मोडतो, त्यांचा तिच्यात उल्लेखही नसतो.

सुरुवात प्रवेशापासूनच होते. परीक्षेत ज्यांना उत्तरं उत्तम येतात त्यांना तुम्ही निवडता. ते ठीकच आहे, दुसरं मोजमाप तुमच्या हाताशी फारसं नाही. पण आत आल्यावर उत्तरं येण्याचा उपयोगच संपतो. समोरचा प्रश्न असा असतो की त्याचं उत्तर पुस्तकात तर नसतंच, मार्गदर्शकालाही ठाऊक नसतं. आजवर वर्गात पहिला आलेल्या मुलाच्या हे लक्षात येत नाही. त्याला वाटतं, उत्तर कुठेतरी असणारच, इतरांना ते सापडलंय, आपणच कमी पडतोय. मार्टिन श्वार्ट्झ या जीवशास्त्रज्ञाने २००८ साली ‘जर्नल ऑफ सेल सायन्स’मध्ये आपल्या विद्यार्थिदशेबद्दल एक छोटं टिपण लिहिलं. पीएच.डी.च्या काळात तो अडलेला प्रश्न घेऊन हेन्री टाउबे यांच्याकडे गेला. टाउबे यांना पुढे १९८३ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, म्हणजे माणूस साधासुधा नव्हता. ते म्हणाले, मला हे सोडवता येत नाही. त्या क्षणी श्वार्ट्झच्या डोक्यात प्रकाश पडला, की हे कोणालाच येत नाही आणि म्हणूनच तो संशोधनाचा प्रश्न आहे. तुमच्यापैकी किती जण पहिल्या महिन्यात आपल्या विद्यार्थ्यासमोर ‘मला माहीत नाही’ असं मोकळेपणाने म्हणतात? तुम्ही ते आपसात म्हणता, परिषदेत चहाच्या वेळी म्हणता. आमच्यासमोर म्हणालात तर आमचे काही महिने वाचतील.

वाचनाचंही तसंच. दर आठवड्याला तुम्ही वाचायची यादी देता. ती सगळी अक्षरशः कोणी वाचत नाही हे तुम्हाला माहीत असतं, दुसऱ्या वर्षाच्या मुलांनाही माहीत असतं. पहिल्या वर्षाची मुलं मात्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या संदर्भापर्यंत जातात, सगळं पान पिवळं करून टाकतात आणि रात्री दोन वाजता आपण मंद आहोत अशा निष्कर्षाला येतात. संशोधनाचा पेपर, म्हणजे शोधनिबंध, कसा वाचायचा हे शिकवण्याजोगं कौशल्य आहे. संगणकशास्त्रातले एस. केशव यांनी २००७ साली दोन पानांत ते लिहून ठेवलं. आधी पाच-दहा मिनिटांत शीर्षक, सारांश, प्रस्तावना, उपशीर्षकं आणि निष्कर्ष बघायचे. कामाचा वाटला तर दुसऱ्या फेरीत तासाभरात मजकूर आणि आकृत्या वाचायच्या, सिद्धता सोडून द्यायच्या. अगदी गरज असेल तरच तिसरी फेरी, आणि त्या फेरीला नवख्या माणसाला चार-पाच तास लागतात असं त्यांनी स्पष्ट म्हटलं आहे. मला विचाराल तर त्या टिपणातलं हे तिसऱ्या फेरीबद्दलचं वाक्य सगळ्यात मोलाचं आहे. एक पेपर नीट समजायला अख्खी दुपार जाणं ही सामान्य गोष्ट आहे, हे कोणीतरी आकड्यात सांगितलं. अभ्यासक्रमातल्या एका तासिकेचं हे काम. तुमच्या विषयाची पद्धत वेगळी असेल तर ती सांगा. इतिहासाचा ग्रंथ आणि गणिताचा पेपर एकाच रीतीने वाचला जात नाही, हे ज्याचं त्यालाच माहीत असतं.

आता मुख्य मुद्द्याकडे येते, म्हणजे तुमच्याकडे.

मार्गदर्शक आणि विद्यार्थी यांच्यात जे घडतं त्यातलं बरंच मौनात घडतं. तुम्ही दौऱ्यावर असता, अर्जांच्या मुदती असतात, तीन समित्या असतात, आणि ई-मेल तसाच राहतो. तुमच्या दृष्टीने तो फक्त राहिलेला ई-मेल असतो. इकडे एक मुलगी आठ दिवस त्या न आलेल्या उत्तराचे अर्थ लावत बसते. काम आवडलं नसेल. विषय बदलायला सांगणार असतील. मला घेऊन पस्तावले असतील. तुमच्या शब्दांचंही तेच होतं. ‘बघूया’ म्हणजे हो की नाही? ‘इंटरेस्टिंग आहे’ हे कौतुक की सभ्य नकार? नुसतं ‘अजून वाच’ म्हणालात तर काय वाचू, आणि किती वाचल्यावर थांबू? आम्ही संध्याकाळी एकत्र बसून तुमच्या एका वाक्याचा जेवढा कीस काढतो तेवढा मूळ ग्रंथांचाही काढत नाही.

आणि लाल शाई. नव्या विद्यार्थ्याचा पहिला मसुदा परत येतो तेव्हा पानभर खुणा असतात. विद्यार्थ्याला वाटतं, आपण नापास झालो. शाळेत लाल खूण म्हणजे चूक, आणि चूक म्हणजे कमी गुण, हेच तो इतकी वर्षं शिकलेला असतो. प्रत्यक्षात चांगल्या मार्गदर्शकाच्या खुणा ज्या मसुद्यात दम असतो त्याच्यावर जास्त असतात. टाकाऊ मसुद्यावर कोण एवढा वेळ घालवतो? हे समजायला मला बराच काळ लागला, आणि तेही गाइडकडून नव्हे, एका सीनियरकडून समजलं. मसुदा परत देताना दोन वाक्यं जोडायला तुम्हाला काय लागतं? ‘इतक्या खुणा नेहमीच असतात. यातल्या या दोन महत्त्वाच्या, बाकीच्या किरकोळ.’

म्हणून माझी पहिली आणि सर्वांत मोठी मागणी अशी आहे. प्रत्येक मार्गदर्शकाने पहिल्या पंधरवड्यात आपल्या नव्या विद्यार्थ्याला एक पान लिहून द्यावं. आपण किती दिवसांनी भेटायचं, भेटीचे विषय कोणी ठरवायचे, मसुदा कोणत्या अवस्थेत दाखवला तर चालेल, तो वाचायला तुम्हाला साधारण किती दिवस लागतात, उत्तर आलं नाही तर कधी आठवण करायची, सुट्टी कशी मागायची, रात्री आलेल्या संदेशाला रात्रीच उत्तर हवं की सकाळी चालेल. ‘मी एका ओळीचा ई-मेल पाठवला म्हणजे रागावलो आहे असं नाही’ हेही लिहायला हरकत नाही. तुमचा स्वभाव आम्हाला बदलायचा नाही. तो अंदाजाने शोधत बसण्यात जाणारं वर्ष वाचवायचं आहे. याच पानावर लेखकांच्या नावांचा क्रमही येऊ द्या. पेपरमध्ये कोणाचं नाव कुठे आणि कशाच्या बळावर, हे काम सुरू होण्याआधी बोललं तर पाच मिनिटांचं बोलणं असतं. पेपर तयार झाल्यावर बोललं तर मैत्र्या तुटतात.

यावर तुमच्यापैकी काही जण म्हणतील, की आम्हाला कोणी असं पान दिलं नव्हतं, पाण्यात पडलं की पोहता येतं. आम्हीही हे ऐकत आलो आहोत. पण पोहता आलेल्यांचीच साक्ष आपण काढतो, बुडालेले विभागाच्या बैठकीला नसतात. अमेरिकेत कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स या पदव्युत्तर शिक्षणसंस्थांच्या संघटनेने अनेक विद्यापीठांतली माहिती गोळा केली तेव्हा दहा वर्षांनंतरही पीएच.डी. पूर्ण झालेल्यांचं प्रमाण ५७ टक्क्यांच्या आसपास निघालं. इतकी पारखून घेतलेली माणसं, आणि निकाल हा.

दुसरं असं, की पूर्वी न सांगता भागत होतं त्याला कारण होतं. येल विद्यापीठाने १८६१ साली अमेरिकेतल्या पहिल्या पीएच.डी. पदव्या दिल्या, त्या तीन जणांना. एवढी थोडी माणसं असतात तेव्हा शिष्य गुरूच्या शेजारी बसतो. गुरू प्रयोग फसल्यावर काय करतो, टीकेला कसं उत्तर देतो, कोणता ग्रंथ अर्ध्यात मिटून ठेवतो, हे सगळं त्याला डोळ्यांनी दिसतं. आज एका गाइडकडे पहिल्या वर्षापासून पाचव्या वर्षापर्यंत कितीतरी विद्यार्थी असतात, गाइड स्वतः निम्मा वेळ प्रशासनात अडकलेला असतो, आणि आम्हाला त्यांचं फक्त तयार झालेलं काम दिसतं. जे पूर्वी बघून शिकता येत होतं ते आता बघायलाच मिळत नसेल, तर तोंडाने सांगण्यावाचून इलाज नाही.

आणि सगळेच सारखे अनभिज्ञ असतात असंही नाही. २०२२ साली ‘नेचर ह्यूमन बिहेवियर’मध्ये अमेरिकी प्राध्यापकांच्या कौटुंबिक पार्श्वभूमीचा अभ्यास आला. सर्वसाधारण लोकांच्या तुलनेत प्राध्यापकांच्या आईवडिलांपैकी कोणी पीएच.डी. असण्याची शक्यता पंचवीस पटींपर्यंत जास्त आढळली. म्हणजे न लिहिलेले नियम काही मुलांना जेवणाच्या टेबलावर, आपण काही शिकतो आहोत हे न कळता, मिळालेले असतात. गाइडच्या दारावर टकटक करायला हरकत नसते, मुदत वाढवून मागता येते, शिफारसपत्रासाठी महिनाभर आधी सांगायचं असतं, हे त्यांना कोणी शिकवावं लागत नाही. ज्यांच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारं पहिलं माणूस हेच, त्यांना हे कुठून कळावं? तुम्ही नियम मोघम ठेवता तेव्हा सगळ्यांना सारखं वागवल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात ज्याला आधीच ठाऊक आहे त्यालाच तुम्ही पुढे ढकलत असता. ‘विद्यार्थ्यांनी विचारावं की’ हा सल्लाही याच कारणाने लंगडा पडतो. काय विचारायचं हेच ज्याला माहीत नाही तो गप्प बसतो, आणि तुम्ही त्याच्या गप्प बसण्याला आत्मविश्वासाचा अभाव म्हणता.

वेळेबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण तुमचे आणि आमचे सगळ्यात जास्त खटके तिथेच उडतात. ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस या मानसशास्त्रज्ञांनी १९९४ साली प्रबंधिका लिहिणाऱ्या पदवीच्या विद्यार्थ्यांना विचारलं, किती दिवसांत संपवाल? सरासरी अंदाज निघाला ३३.९ दिवसांचा. सगळंच उलटसुलट झालं तर? तेव्हा ४८.६. प्रत्यक्षात सरासरी लागले ५५.५ दिवस. म्हणजे वाईटात वाईट धरून केलेला अंदाजही तोकडा पडला. ही मुलं आळशी नव्हती आणि खोटंही बोलत नव्हती. आपल्या कामाबद्दल माणूस असाच अंदाज करतो, फक्त पीएच.डी.मध्ये तो दिवसांऐवजी वर्षांनी चुकतो. विद्यार्थ्याने दिलेली तारीख तुम्ही वहीत टिपून घेता, तिला वचन समजता, आणि ती उलटली की त्याच्या निष्ठेवर शंका घेता. तुमच्याकडे मात्र त्याच्याकडे नसलेली एक गोष्ट असते, आधीच्या विद्यार्थ्यांचा अनुभव. साहित्याच्या आढाव्याचं प्रकरण लिहायला तुमच्या मागच्या विद्यार्थ्यांना किती महिने लागले? विदा (डेटा) गोळा करण्यात किती गेले? संशोधनाला लागणारी नैतिकता समितीची परवानगी किती अडली? ते आकडे समोर ठेवून वेळापत्रक बनवलं तर दोघांचीही चिडचिड टळेल. विभागाकडे ही माहिती फायलींमध्ये पडलेलीच आहे. नावं काढून ती नव्या मुलांना द्या.

कामाच्या तासांचं खूळ याच्याशीच जोडलेलं आहे. लॅबमध्ये रात्री उशिरापर्यंत दिवा कोणाचा चालू असतो यावरून मेहनत मोजणं हे तुम्ही मुद्दाम करत नसाल. पण रात्री अकराला तुमच्या तोंडून सहज ‘वा, अजून इथेच?’ असं कौतुक निघालं, की दुसऱ्या दिवसापासून सगळे अकरापर्यंत बसतात. त्यातला निम्मा वेळ मोबाइल बघण्यात जातो, हेही सांगून टाकते.

प्रकृतीबद्दल हल्ली बरंच बोललं जातं. बेल्जियममधल्या फ्लँडर्स भागातल्या ३,६५९ पीएच.डी. विद्यार्थ्यांचा अभ्यास २०१७ साली ‘रिसर्च पॉलिसी’ या नियतकालिकात आला. जवळजवळ तिघांतल्या एकाला नैराश्यासारख्या मानसिक विकाराचा धोका दिसला, आणि तेवढंच शिकलेल्या इतर लोकांपेक्षा हे प्रमाण जास्त होतं. अशा बातम्या आल्या की विभाग तणावनिवारणाची कार्यशाळा ठेवतो, फोन करायचा क्रमांक भिंतीवर लागतो. हे असू द्या, काहींना त्याचा खरोखर आधार होतो. पण त्याच अभ्यासात या त्रासाचा संबंध मार्गदर्शकाची नेतृत्वाची पद्धत, कामाचा बोजा, स्वतःच्या कामावरचा ताबा आणि घर-काम यांची ओढाताण यांच्याशी आढळला होता. या गोष्टी श्वासाच्या व्यायामाने हलत नाहीत. त्या तुमच्या हातात आहेत, काही थोड्या आमच्या.

पैशांबद्दल थोडक्यात. विद्यावेतन उशिरा आलं तर ‘प्रक्रियेत आहे’ हे उत्तर पुरेसं नसतं, तारीख लागते, कारण घरमालकाची तारीख ठरलेली असते. परिषदेला जाण्याचा खर्च आधी स्वतः करा आणि नंतर परत घ्या, ही पद्धत ज्याच्या खात्यात शिल्लक आहे त्याच्यासाठीच बनवलेली आहे. आगाऊ रक्कम देता येत असेल तर ती मागावी लागू नये. आणि शिकवण्याचं, पेपर तपासण्याचं काम जे आम्ही आनंदाने करतो, त्याचे आठवड्याला तास किती हे लिहून मिळावं.

नोकरी सांभाळून शिकणारे, लहान मूल असलेले, बऱ्याच वर्षांनी पुन्हा शिकायला आलेले, यांच्यासाठी वेगळं प्रकरण लिहावं लागेल. इथे एवढंच, की सेमिनार संध्याकाळी सहाला ठेवता तेव्हा कोण येऊ शकत नाही हे एकदा मोजून बघा.

नकारांविषयी मात्र तुम्हीच बोलायला हवं. नियतकालिकाकडे पाठवलेला पेपर नाकारून परत आला की नव्या विद्यार्थ्याला वाटतं, दार बंद झालं. जीवरसायनशास्त्रज्ञ हान्स क्रेब्ज यांनी सायट्रिक आम्ल चक्रावरचं, म्हणजे पेशी अन्नातून ऊर्जा कशी मिळवते यावरचं, टिपण १९३७ साली ‘नेचर’कडे पाठवलं तेव्हा ते तिथे छापलं गेलं नाही, ‘एन्झायमॉलॉजिया’त छापून आलं, आणि १९५३ साली त्याच कामाला नोबेल मिळालं. पण क्रेब्ज लांबचे, त्यांचं उदाहरण ऐकून धीर येतोच असं नाही. तुमच्या कोणत्या पेपरला कुठून काय शब्दांत नकार आला ते सांगितलंत तर जास्त उपयोग होईल. भिंतीवर छापून आलेल्या पेपरांची पहिली पानं चौकटीत लावता, त्यांच्या शेजारी एखादं नकारपत्रही शोभेल. (पेपर तपासणाऱ्यांतला ‘परीक्षक क्रमांक दोन’ खडूस म्हणून प्रसिद्ध; त्याची पत्रं साहित्यिक गुणांसाठीही जपण्यासारखी असतात.)

जे मध्येच थांबतात त्यांच्याशी विभाग कसा वागतो, हे राहिलेले सगळे बारकाईने पाहत असतात. कोणी एम.ए. किंवा एम.एस्सी. घेऊन बाहेर पडलं, कोणाला दुसरं काम जास्त भावलं, तर त्याचं नाव विभागात कुजबुजत घेतलं जातं. त्याने घालवलेल्या वर्षांत केलेलं काम खरं असतं. पुढे काय करणार, कोणाला फोन करून देऊ, एवढं विचारलंत तरी पुरे. आणि दरवर्षी एकदा प्रत्येक विद्यार्थ्याला ‘पुढे चालू ठेवायचं आहे का?’ हे धमकीसारखं न वाटता विचारण्याची पद्धत पडली, तर हो म्हणणारेही जास्त मोकळ्या मनाने काम करतील.

आमच्या बाजूनेही करण्यासारखं आहे. भेटीला येताना रिकाम्या हाताने येऊ नये, झालेलं आणि अडलेलं दोन ओळींत आधी कळवावं, भेटीनंतर काय ठरलं ते लिहून पाठवावं, वाईट बातमी मुदतीच्या आदल्या रात्रीपर्यंत दाबून ठेवू नये. हे आम्ही नव्या तुकडीला सांगायला सुरुवात केली आहे. पण आम्ही सांगतो ती ऐकीव माहिती असते. गाइड बदलला की निम्मी खोटी ठरते.

पुढच्या विभागीय बैठकीच्या विषयपत्रिकेवर त्या एका पानाचा विषय घ्यावा, ही विनंती. कोरा नमुना आम्ही ज्येष्ठ विद्यार्थी तयार करून देतो. तुमच्या सवयींबद्दल आम्ही आजवर जे अंदाज बांधले आहेत तेही त्यात पेन्सिलने भरून ठेवू. चुकले असतील तिथे खोडून खरं काय ते लिहा, आणि पहिल्या सत्राच्या परीक्षांआधी ती पानं नव्या मुलांच्या हातात पडतील असं बघा.

कळावे,

आपली नम्र,
एक संशोधक विद्यार्थिनी